गेलेल्या पूर्वजांचे काय?
अनंत नरक की सर्वांची मुक्ती : ख्रिस्ती धर्मातील एक जुना वाद



धर्मांतर केलेल्या प्रत्येक घरात एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. आम्ही नवा मार्ग स्वीकारला. पण जे आमच्या आधी गेले, ज्यांच्यापर्यंत हा मार्ग घेऊन कोणी आलेच नाही, त्या आमच्या आजा-पणज्यांचे काय? त्यांचे जिणे फुकट गेले असे समजायचे काय?

हा प्रश्न केवळ आपल्यालाच पडला असे नाही. ख्रिस्ती धर्म ज्या ज्या देशात गेला, तेथील नवख्रिस्ती माणसांनी तो विचारला आहे. त्याच्या मुळाशी जो वाद आहे तो ख्रिस्ती पंडितांत दीड हजाराहून अधिक वर्षे चालू आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे सगेसोयरे ख्रिस्ती आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रचाराने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातील महार व मांग समाजातील अनेक कुटुंबांनी तो धर्म स्वीकारला. तेव्हा हा वाद आपण निंदेसाठी नव्हे, समजून घेण्यासाठी पाहू.

वाद कशाचा?

मेल्यानंतर दुष्टांचे व अश्रद्धांचे काय होते, याला ख्रिस्ती धर्मात तीन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले उत्तर : त्यांना नरकाची शिक्षा होते आणि ती कधीच संपत नाही. दुसरे : ते कायमचे नाश पावतात, त्यांचे अस्तित्वच उरत नाही. तिसरे : शिक्षा होते, पण ती सुधारण्यासाठी होते, शेवटी सर्वजण देवाकडे परत येतात. पहिले उत्तर बहुतेक चर्चचे अधिकृत मत झाले. तिसरे उत्तर दडपले गेले, तरी मेले नाही.

दोन्ही बाजूंचा आधार बायबलच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. तेथे शिक्षा आणि जीवन या दोहोंनाही ग्रीक भाषेतील ‘आयोनियोस’ हे एकच विशेषण लावले आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘सार्वकालिक’ हा शब्द येतो. अनंत नरक मानणारे म्हणतात, शिक्षा संपणारी असेल तर जीवनही संपणारे ठरेल. दुसरी बाजू म्हणते, हा शब्द ‘आयोन’ म्हणजे युग यापासून झाला आहे. त्याचा अर्थ ‘येणाऱ्या युगाचा’ असाही होतो, ‘कधीही न संपणारा’ असाच होतो असे नाही. शिवाय पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायाकडे ही बाजू बोट दाखवते. आदामामुळे जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तामुळे सर्व जिवंत होतील, असा तेथील आशय आहे. या ‘सर्व’ शब्दाचा अर्थ काय करायचा, हाच वाद.

ओरिजेन आणि ऑगस्टीन

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात ओरिजेन नावाचा मोठा पंडित होऊन गेला (सुमारे इ. स. १८५ ते २५४). त्याच्या वडिलांना ख्रिस्ती श्रद्धेपायी मरण आले होते. त्याचाही रोमन सम्राट डेसियसच्या राजवटीत छळ झाला. म्हणजे नरकाचा धाक कमी करणारा हा माणूस श्रद्धेने लेचापेचा नव्हता. त्याची मांडणी अशी : देवाची शिक्षा ही वैद्याच्या कडू औषधासारखी आहे, रोग गेला की औषधाचे काम संपले. अखेरीस सृष्टी पुन्हा मूळ स्थितीला येईल. या पुनःस्थापनेला ग्रीकमध्ये ‘अपोकाटास्टासिस’ म्हणतात. चौथ्या शतकातील निसाचा बिशप ग्रेगरी यानेही जवळजवळ हेच शिकवले.

त्यांच्या विरुद्ध टोकाला उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) उभा राहिला. ‘देवाचे नगर’ या आपल्या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात त्याने अनंत शिक्षेचे जोरदार समर्थन केले. बाप्तिस्मा न होता मेलेली तान्ही बालकेही, सौम्य का होईना, पण शिक्षेलाच पात्र आहेत इथपर्यंत तो गेला. पश्चिम युरोपच्या धर्मविचारावर त्याचा पगडा पुढे हजार वर्षांहून अधिक काळ राहिला.

मग राजसत्ताही यात उतरली. सम्राट जस्टिनियन याने ५४३ साली ओरिजेनच्या मतांविरुद्ध फर्मान काढले. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने पाखंड्यांच्या यादीत ओरिजेनचे नाव घातले. त्या वेळी त्याला मरून सुमारे ३०० वर्षे झाली होती. ग्रेगरी मात्र आजही संत म्हणून पूजला जातो. मत बरेचसे एकच, पण एक पाखंडी आणि एक संत! धर्मसभांचे निर्णय केवळ सत्यशोधनातून होत नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

जपानी लोकांचे अश्रू

आता पूर्वजांच्या प्रश्नाकडे वळू. फ्रान्सिस झेवियर हे नाव गोव्यामुळे आपल्या परिचयाचे आहे. जुन्या गोव्यातील बासिलिकेत त्याचा देह आजही ठेवलेला आहे. तो १५४२ साली गोव्यास आला आणि १५४९ साली जपानला गेला. तेथील लोक प्रामुख्याने बौद्ध परंपरेतले. काहींनी त्याचा धर्म स्वीकारला. पण पूर्वज नरकात आहेत आणि तेथून त्यांची सुटका नाही, हे ऐकल्यावर ते रडू लागले. देव त्यांना बाहेर काढू शकत नाही काय, ही शिक्षा कधीच का संपत नाही, असे ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. हे आपण त्याच्या विरोधकांच्या तोंडून ऐकत नाही. झेवियरने स्वतः १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते नमूद केले आहे. त्यांच्या रडण्याने आपल्यालाही दुःख झाले, हेही त्याने लपवले नाही. पण त्याच्या धर्मशास्त्राकडे त्यांना देण्यासारखे दुसरे उत्तर नव्हते.

त्याच पत्रातील आणखी एक गोष्ट आपण बौद्धांनी नजरेआड करू नये. तेथील भिक्खू दानदक्षिणा घेऊन नरकातून माणसे सोडवण्याचा दावा करीत असत, असे झेवियर सांगतो. भयाचा धंदा कोणत्याही धर्माच्या पुरोहिताला करता येतो, हा त्यातील बोध.

तीनशे वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न उभा राहिला. नाताळ प्रांताचा इंग्रज बिशप जॉन विल्यम कोलेन्सो झुलू लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला. तुमचे सारे वाडवडील नरकाग्नीत जळत आहेत, असे या लोकांना सांगणे त्याच्या विवेकाला पटेना. १८६१ साली पौलाच्या रोमकरांस पत्रावर लिहिलेल्या भाष्यात त्याने अनंत शिक्षेची कल्पना नाकारली. १८६३ साली केपटाऊन येथे त्याच्यावर पाखंडाचा खटला चालला व त्याला पदच्युत केल्याचे जाहीर झाले. १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय ग्राह्य धरला नाही. पुढे झुलूंवर इंग्रजांनी लादलेल्या युद्धाविरुद्ध त्याने आवाज उठवला. झुलू त्याला ‘सोबांतू’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत. शिकवायला गेलेला माणूस शिकून परत आला, असे हे उदाहरण आहे.

इंग्लंडातील खळबळ

खुद्द इंग्लंडातही हाच काळ खळबळीचा होता. अनंत शिक्षेविषयी शंका घेतली म्हणून १८५३ साली एफ. डी. मॉरिस यांना लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. १८६४ साली सुमारे ११,००० पाद्र्यांनी अनंत शिक्षेच्या बाजूने सह्या केल्या. तरीही १८७७ साली वेस्टमिन्स्टर ॲबेच्या व्यासपीठावरून फ्रेडरिक फरार यांनी अनंत यातनेच्या रूढ कल्पनेवर प्रवचनांतून हल्ला चढवला. हे फरार १८३१ साली मुंबईत एका मिशनऱ्याच्या घरी जन्मलेले. सर्व मुक्त होतीलच असे ते छातीठोक सांगत नव्हते. पण आशेचे दार मृत्यूने बंद होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्सफर्डच्या प्युसी यांनी १८८० साली ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले.

प्युसींच्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. ते विचारतात : सर्वांनाच शेवटी मुक्ती असेल तर जुलूम करणाऱ्याचे काय? माणसाला पाणवठ्यावरून हाकलणारा आणि हाकलला गेलेला एकाच पंगतीला बसणार काय? हा प्रश्न आपल्या काळजाला भिडणारा आहे. सर्वमुक्तिवादी त्यावर सांगतात की शिक्षा आहेच. जुलमी माणसाला आपल्या कृत्याचे सारे दुःख भोगावे व ओळखावे लागेल. पण ज्या शिक्षेनंतर सुधारणेला जागाच नाही, तिला न्याय म्हणता येणार नाही, तो सूड होईल. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील अपराधाला न संपणारी शिक्षा कोणत्या मापाने मोजायची?

आजची स्थिती

वाद आजही मिटलेला नाही. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली मान्य केले की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे सदसद्विवेकाने वागले, त्यांनाही तारण मिळू शकते. बाप्तिस्मा न झालेल्या बालकांविषयी आशा बाळगण्यास आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय मंडळाने २००७ साली म्हटले. मात्र १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात नरकाचे अनंतत्व कायम आहे. अमेरिकेत कार्लटन पिअरसन या कृष्णवर्णीय बिशपने सर्वांची मुक्ती शिकवण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याची हजारोंची मंडळी पांगली आणि २००४ साली त्याला पाखंडी ठरवण्यात आले.

आपण काय घ्यावे?

जपानी माणसाच्या अश्रूंत आणि झुलूंच्या बिशपाच्या विवेकात एकच गोष्ट दिसते. माणूस स्वतःच्या सुखासाठी आपल्या मृतांना परके करायला तयार होत नाही. ही माणुसकी होय. तिच्या रेट्यानेच मोठ्या धर्मसंस्थेला आपले शब्द हळूहळू बदलावे लागले.

आपल्या पाली साहित्यातही नरकाची वर्णने आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथील काळ फार दीर्घ आहे, पण अनंत नाही. आणि बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हा भेद बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला. आपल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान नाकारले आहे. श्राद्ध नाकारले म्हणजे पूर्वज नाकारले असे नव्हे. ज्या आजीने मरीआईपुढे हात जोडले, तिच्याच कष्टावर आजचे शिकलेले घर उभे आहे. तिला अज्ञानी म्हणून हिणवणाऱ्या नातवाने धम्म समजून घेतला नाही. पुण्यानुमोदनाच्या वेळी तिचे नाव आदराने घ्यावे, तिने काय सोसले ते मुलांना सांगावे.

जो धर्म दाराबाहेर राहिलेल्यांविषयी काय बोलतो, त्यावरून त्याची करुणा ओळखावी. ही कसोटी आपण इतरांना लावतो, ती स्वतःलाही लावावी.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. शिक्षा सुधारण्यासाठी आणि शिक्षा सूडासाठी, यांत फरक काय?
२. नरकाच्या भीतीने केलेले सत्कर्म आणि करुणेने केलेले सत्कर्म सारखेच काय?
३. आपल्या घरातील धम्मदीक्षेपूर्वी गेलेल्या वडीलधाऱ्यांची आठवण आपण कशी ठेवतो?