‘प्रतिपिंड’ या संज्ञेतील ‘प्रति’

लखनौ येथे औद्योगिक विषविज्ञानासाठी १९६५ साली स्थापन झालेले केंद्र आज भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थान या नावाने ओळखले जाते. त्या नावातील ‘विष’ हा शब्द व्यापक आहे. जिवाणूंनी निर्माण केलेल्या विषासाठी हिंदी परिभाषेत ‘आविष’ आणि मराठीत ‘जंतुविष’ अशा वेगळ्या संज्ञा योजल्या गेल्या. अशा विषाला नेमके ओळखून चिकटणारे प्रथिन म्हणजे ‘प्रतिपिंड’. प्रस्तुत टिपणाचा विषय या संज्ञेतील ‘प्रति’ हा उपसर्ग आहे.

‘प्रतिकार’, ‘प्रतिपक्ष’ या शब्दांत ‘प्रति’ विरोध सुचवितो; ‘प्रतिबिंब’, ‘प्रतिसाद’ यांत तो अनुरूपता सुचवितो. विज्ञानविषयक मराठी लेखनात प्रतिपिंडाचे वर्णन करताना बहुधा पहिलाच अर्थ गृहीत धरला जातो आणि सैन्य, शत्रू, युद्ध ही रूपके ओघाने येतात. प्रयोगशाळेतील प्रतिपिंडाला हा अर्थ पुरेसा पडत नाही.

पटकीचे उदाहरण घेऊ. उत्तरेत हिला हैजा म्हणतात. महाराष्ट्रात तिच्या भयाने मरीआईला साकडे घातले गेले. पटकीच्या जंतूंच्या संवर्धनातून जंतू गाळून काढल्यावर उरलेला द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवितो, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले. अनर्थाचे कारण जंतूने स्रवलेले विष होते. पाण्यात आढळणारे या जातीचे सर्वच जंतू ते विष निर्माण करीत नाहीत. म्हणून केवळ जंतू सापडणे पुरेसे नसते, विषाचा शोध घ्यावा लागतो.

या विषाच्या रेणूत एक ‘अ’ आणि पाच ‘ब’ घटक असतात. ‘ब’ घटक आतड्याच्या पेशीवरील जीएम-१ या मेदद्रव्याला चिकटतात. परीक्षणात तेच द्रव्य पात्राच्या तळाशी लावून त्यावर नमुना ओततात. विष असल्यास ते तेथे अडकते; त्यावर प्रतिपिंड बसतो आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे रंग उमटतो. येथे युद्ध नाही. कोणी बरा होत नाही. मूर्ती साच्यात बसावी तशी ही ओळख आहे.

ही ओळख फसूही शकते. एशेरिकिया कोलाय या जंतूच्या काही प्रकारांचे उष्णतेने नष्ट होणारे विष पटकीच्या विषाशी सुमारे ८० टक्के समान असते. तेही जीएम-१ला चिकटते आणि पुष्कळ प्रतिपिंड दोहोंनाही स्वीकारतात. साम्य म्हणजे एकत्व नव्हे, हे तौलनिक अभ्यासकास सांगणे नको. १९७५ साली कोलर व मिलस्टाइन यांनी सिद्ध केलेल्या एककृंतक पद्धतीमुळे भेद असलेल्या स्थानीच बसणारा प्रतिपिंड निवडणे शक्य झाले.

तेव्हा संज्ञा बदलण्याचे कारण नाही. ती वाचण्याची दृष्टी मात्र बदलावयास हवी. परीक्षणासाठीच्या प्रतिपिंडाला अनुवादकाने ‘विषनाशक’ म्हटले, तर वाचक त्याला औषध समजेल. रोग्याच्या दृष्टीने ही चूक केवळ शब्दाची राहणार नाही.