मंदिराचे द्वार आणि परका पाहुणा

विद्यार्थिमित्रहो, रविवारी उपासनेची घंटा वाजते ती केवळ बाप्तिस्मा झालेल्यांच्याच कानी पडत नाही. शेजारचा दुकानदार, वाटेने जाणारा शेतमजूर, नातलगांकडे उतरलेला पाहुणा या सर्वांस ती ऐकू येते. तरी आत येणारी माणसे बहुधा तीच ती असतात. याचे कारण काय, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. द्वार उघडे असणे निराळे आणि स्वागत होणे निराळे. परका मनुष्य उंबरठ्यावर येतो, तेव्हा बसावे कोठे, उठावे केव्हा, पादत्राणे काढावीत की काय, हे त्यास ठाऊक नसते. कोणी सांगितले नाही, तर तो ओशाळून परत फिरतो व पुन्हा येत नाही.

आपल्या देशीच्या थोर ख्रिस्ती पुरुषांनी व स्त्रियांनी या अडचणीचा विचार पूर्वीच केला होता. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती व त्यांजागी ऐकावयास काही नव्हते. तेव्हा स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत रचिले. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. परक्या देशाच्या मनुष्याने श्रोत्यांचा छंद व श्रोत्यांची भाषा शिकून घेतली, हे येथे विशेष होय.

पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने रचिली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व पदे यांच्या द्वारे उपासनेस मराठी रूप दिले. त्यांची पदे आपण 'उपासना-संगीता'तून आजही गातो. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोहोंसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. पंडिता रमाबाई यांनी तर साध्या स्त्रियांसही समजावे म्हणून सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

या सर्वांनी पाहुण्याने आपली बोली आधी शिकावी असे म्हटले नाही. यजमानानेच त्याची बोली शिकावी असे ठरविले. यामुळे धर्म पातळ होतो काय? आमच्या मते नाही. ओवीचे पात्र मराठी, आतील जल तेच.

आता आपल्या झरी जामणी तालुक्याकडे पाहू. येथे वऱ्हाडी बोलणारे आहेत, गोंड बांधव आहेत, पोडांत राहणारे कोलाम आहेत. कोलामांची कोलामी भाषा मराठीहून अगदी भिन्न, द्राविडी कुळातील आहे. अशा श्रोत्यापुढे ग्रंथी मराठीत तासभर प्रवचन झाले, तर त्याच्या पदरी काय पडणार? कापूस वेचणीच्या दिवसांत उन्हे वर येण्यापूर्वीच मजूर शेतात असतो; उपासनेची वेळ त्याच्या सोयीची आहे काय, हेही मंडळीने पाहिले पाहिजे.

याकोबाच्या पत्रात श्रीमंतास उत्तम आसन व दरिद्र्यास पायाशी जागा देणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे. जेथे जात, वस्त्र वा हुद्दा पाहून बसावयास जागा मिळते, तेथे गोड भजनाचा काही उपयोग नाही. दुसरी गोष्ट, स्वागत हे आमिष नव्हे. केवळ गाणे ऐकावयास आलेला मनुष्य तसाच गेला, तरी तो ज्या मानाने आला त्याच मानाने जावा. त्याची मोजदाद करू नये, त्यास घेरू नये.

पालकांस आमची विनंती की हा पाठ मुलांसह घरी वाचावा. विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत :

१. द्वार उघडे असणे व स्वागत होणे यांतील भेद उदाहरणाने स्पष्ट करा.

२. स्टीफन्स, टिळक व रमाबाई यांच्या कार्यांत समान सूत्र कोणते?

३. येत्या रविवारी तुमच्या शेजारी अनोळखी मनुष्य बसला, तर त्यास पदांचे पुस्तक कोण उघडून देईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वहीत लिहून भागणार नाही. ते मंदिरातच द्यावे लागेल.