मीटर सगळ्यांचे, दम ज्याचा त्याचा

प्रश्न : जिममधल्या आम्ही पाच जणांनी मिळून महिन्यात रोइंग मशीनवर दोन लाख मीटरचं लक्ष्य ठेवलंय. आमच्यातले एक काका मागे पडतात, त्यांना अवघडल्यासारखं होतं. काय करावं?

उत्तर : लक्ष्य एकत्र ठेवा, वाटे समान नकोत. सरासरी प्रत्येकी ४०,००० मीटर, म्हणजे वीस दिवस रोज २,०००. पाचशे मीटरला अडीच मिनिटं धरली तर दहा मिनिटांचं काम. काकांनी १,००० केले तरी बेरजेत पडतातच. फळ्यावर फक्त एकूण बेरीज लिहा. क्रमवारी नको, तीच भांडणं लावते. शेजारी बसून मिनिटाला २० ते २२ स्ट्रोक मारा. वेग वेगळा असला तरी लय जुळते. डॅम्पर (मशीनचा रोध ठरवणारा खटका) दहावर नेण्याची चढाओढ मात्र आजच थांबवा, त्यात कंबर धरते. काकांना रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.