रात्रीचे साडेदहा, आणि लेक टुणटुणीत

प्रश्न : आमची मुलगी सव्वादोन वर्षांची. मी कल्याणला घरी पोचते साडेसातला, तिचे बाबा साडेआठला. साडेदहापर्यंत ती सोफ्यावरून उड्या मारत असते. लवकर झोपवावं, तर बाबांची भेटच होत नाही. काय करावं?

उत्तर : आधी झोपेची बेरीज करा. या वयात दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास लागतात. सकाळी आठपर्यंत आणि दुपारी दोन तास झोपत असेल, तर साडेदहा चालतील. पाळणाघरासाठी सहाला उठवावं लागत असेल, तर मुळीच नाही. आजी तिला दुपारी पाचपर्यंत झोपू देत असतील, तर मेख तिथेच आहे. साडेतीनला पडदे सरकवायला सांगा. (त्यांना पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं!)

बाबा आले की वीसेक मिनिटं मनसोक्त दंगा, पण जेवणाआधी. मोबाइल दाखवून भरवणं नकोच. जेवणानंतर दिवे मंद करा आणि तिला कामाला लावा: उद्याची मेथी खुडणं, मोज्यांच्या जोड्या लावणं. निम्मी पानं जमिनीवर पडतील, पडू देत. मग हातपाय धुणं, गोष्ट, अंथरूण, रोज याच क्रमाने. आणि झोपवायचं बाबांनीच. हळूहळू वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. रोज घोरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.