पांढरा रंग कुठे लपला होता?

दिवाळीच्या सुट्टीत मी भिलाईला घरी गेलो होतो. आमचे घर पॉवर हाऊस भागात आहे. एके दिवशी आजोबा, मी आणि धाकटी बहीण मैत्रीबागेत गेलो. भिलाई पोलाद कारखान्याच्या या प्राणिसंग्रहालयातील पांढरे वाघ म्हणजे आम्हा भिलाईकरांचा अभिमान. पिंजऱ्यासमोर बहिणीने विचारले, "दादा, याचे आईबाबापण पांढरेच असतील ना?"

"अर्थात!" मी ऐटीत म्हणालो.

शाळेत परतल्यावर मेंडेलचा धडा पुन्हा वाचला, ग्रंथालयातून पांढऱ्या वाघांची माहिती काढली आणि माझे उत्तर घाईचे होते हे कळले.

मे १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव ठेवले मोहन. तो गोविंदगडच्या महालात वाढला. हा रंग पुढच्या पिढीत उतरतो का, हे पाहायला हवे होते. मोहनची जोडी बेगम नावाच्या केशरी वाघिणीशी जमवली. तीन वेतांत दहा बछडे झाले. दहाही केशरी!

मित्रांनो, इथेच प्रश्न सोडवायचा असता, तर मी 'हा रंग आनुवंशिक नाही' असे लिहून मोकळा झालो असतो. तुम्हीही कदाचित तेच लिहिले असते.

पण प्रत्येक गुणासाठी एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. केशरी रंगाचा जनुक 'के' आणि पांढऱ्याचा 'पा' मानू. 'के' प्रभावी आहे, 'पा' अप्रभावी. मोहन 'पा-पा', बेगम 'के-के'. मग प्रत्येक बछडा 'के-पा' होणार, म्हणजे दिसायला केशरी, पण आत पांढरा जनुक जपणारा. रंग नाहीसा झाला नव्हता, लपला होता.

हे पडताळायचे, तर लपलेल्या जनुकाला दुसरा 'पा' भेटला पाहिजे. तो मोहनकडे नक्की होता. म्हणून मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, जमवली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधाला चार बछडे झाले: राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. चारही पांढरे!

नियमाने 'के-पा' आणि 'पा-पा' यांची निम्मी पिल्ले पांढरी व्हायला हवीत. चारही पांढरी होण्याची शक्यता सोळात एक. म्हणून एका वेतावरून प्रमाण ठरवू नये. पण राधाकडे 'पा' आहे हे सिद्ध व्हायला एक पांढरा बछडाही पुरेसा होता.

मात्र या पुराव्याची किंमत मोठी होती. बाप आणि मुलगी यांच्यात लपलेले जनुक सारखे असतात. त्यांच्या संकरात पांढऱ्या रंगाबरोबर घातक जनुकांच्याही जोड्या जुळू शकतात. पुढे पांढऱ्या रंगासाठी पिढ्यान्पिढ्या नात्यातच संकर होत राहिले आणि हा धोका वाढत गेला. शिवाय १९७३ मध्ये एका पांढऱ्या वाघाच्या अभ्यासात डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू चुकीच्या बाजूला जातात असे आढळले. अनेक पांढरे वाघ तिरळे असतात ते यामुळेच.

परदेशात पाळीव अजगरांच्या अनोख्या रंगांची परीक्षाही अशीच घेतात. पिल्ले साधी निघाली, तरी त्यांना पुन्हा वेगळ्या रंगाच्या पालकाशी जोडून पाहतात.

वाघांसाठी आता ही गरज उरलेली नाही. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी हा जनुक शोधून काढला. एका प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलले, की वाघ पांढरा होतो. केशरी वाघात 'पा' आहे का, हे आज रक्ताच्या थेंबावरून कळू शकते. त्यासाठी बापलेकीची जोडी जमवावी लागत नाही.

मैत्रीबागेतील पहिली पांढरी जोडी ओडिशातील नंदनकाननहून आली. तिथे १९८० मध्ये केशरी आईबापांच्या पोटी पांढरे बछडे जन्मले होते.

या रविवारी घरी पत्र लिहिताना मी बहिणीला कळवले, "माझे उत्तर चुकले होते. पांढऱ्या वाघाचे आईबाबा केशरीही असू शकतात. जे दिसत नाही, ते नसतेच असे नाही." आजोबांनाही ते वाचून दाखव, असे खाली लिहिले. माझे 'अर्थात' त्यांनीही ऐकले होते.