मजकुराबरोबर कर्त्याचे नाव

गेल्या वर्षी आमच्या वर्गाने पनवेल तालुक्याच्या माहितीचा एक लहानसा विकी सुरू केला. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहावयाची संगणकावरची वही. मी मराठी विकिपीडियावरील कर्नाळा किल्ल्याचा लेख उचलला आणि आमच्या वहीत चिकटवला. सरांनी पानाचा 'इतिहास' उघडला. तेथे एकच नाव होते, माझे! मूळ लेखाच्या इतिहासात मात्र ओळीमागून ओळ नावे होती. कोणी परिच्छेद लिहिलेला, कोणी नुसता ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेला. घरी आईला सांगितले, तर ती म्हणाली, "लावणी गावानं केली नि पोतं तुझ्या नावावर?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, पण एवढे समजायला कॉलेज लागत नाही असे दिसते.

वास्तविक आपल्या वाङ्मयात ही शिस्त जुनीच आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ (इ. स. १२९०) हा काळ नोंदलेला आहे, आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचेही नाव आहे. पुढे नकला होता होता पाठ बिघडले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ग्रंथ शुद्ध केला. तेव्हा वर्ष, आपले नाव आणि 'प्रत शुद्ध केली' असे शेवटी नोंदविले. कर्तेपण ज्ञानदेवांकडेच राहिले. विकीच्या इतिहासातील ओळ तरी याहून निराळे काय सांगते? तारीख, नाव आणि बदलाचा सारांश.

अशी नोंद नसली की काय होते ते नामदेवांच्या गाथेत दिसते. संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा दुसरा कवी झाला. त्याने महाभारत ओवीबद्ध केले. 'नामा', 'विष्णुदास नामा' या मुद्रा दोघांच्याही नावावरील रचनांत आढळतात. वहीतून वहीत अभंग उतरले, त्यांबरोबर मुद्राही आली, परंतु नामा कोणता हे मागेच राहिले. अभ्यासकांना ते निवडीत बसावे लागले.

गंमत अशी की विकीवरही हाच घोटाळा होऊ शकतो. मजकूर हाताने न चिकटविता मूळ विकीवरून पान इतिहासासह 'निर्यात' करावे आणि प्रचालकाने आपल्या विकीवर 'आयात' करावे, म्हणजे सर्व नावे बरोबर येतात. पण तिकडच्या एका सदस्याचे आणि इकडच्या दुसऱ्याचे नाव एकच असेल तर? तिकडचे काम इकडच्याच्या खाती जमा व्हायचे! म्हणून आयात करताना परक्या नावांमागे मूळ विकीची खूण जोडतात. दोन नामे मग वेगळे राहतात. आयातीची सोय नसेल तेथे बदलाच्या सारांशात मूळ पानाचा दुवा द्यावा. विकिपीडियाच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची अटच आहे की श्रेय द्यावे आणि पुढचा मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवावा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी कर्नाळ्याचे ते पान पुसून इतिहासासह पुन्हा आणले. त्यात मी दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. माझे नाव आता त्या यादीत सर्वांत शेवटी आले आहे.