एकाच शर्यतीत जवळजवळ दीड मिनिटाचा फरक कसा?

प्रश्न : माझी मुलगी शाळेकडून लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. तिच्यामुळे मी २० वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतील मुलींच्या ५,००० मीटर शर्यतीचे निकाल चाळले. २०२१ मध्ये नैरोबीत विजेतीला १६ मिनिटांहून जास्त वेळ लागला. २०२४ मध्ये लिमात मात्र विजेतीने तेच अंतर १४ मिनिटे ४० सेकंदांच्या आत कापले. वयोगट तोच, अंतर तेच. मग नैरोबीची विजेती कमी ताकदीची होती का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. पण तुमची शंका रास्त आहे, कारण हा फरक लहान नाही. ५,००० मीटर म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या. नैरोबीत एका फेरीला सरासरी ७७ सेकंद लागले, लिमात ७०. दोघी आपापल्या वेगाने एकत्र धावल्या असत्या, तर एकीने दुसरीला एक फेरी मागे टाकले असते.

तरीही ताकदीचा निवाडा या आकड्यांवरून होत नाही. इथिओपियाची मेल्कनात वुडू नैरोबीत आपल्याच देशाच्या मिझान आलेमच्या मागे दुसरी आली. पुढच्याच वर्षी कोलंबियातील काली येथे ती पुन्हा दुसरी आली, तेव्हा शर्यत साडेपंधरा मिनिटांच्या आसपास संपली. मुलगी तीच, पदक तेच, वेळ मात्र अर्ध्या मिनिटाहून अधिक कमी.

पहिले कारण हवा. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर वसले आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडे उंच. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा अठरा टक्क्यांच्या आसपास कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही कमी मिळतो. शंभर मीटरच्या धावपटूला त्याची फारशी झळ लागत नाही, पण पंधरा मिनिटे धावणाऱ्याला लागते. उंचावर वाढलेल्या मुलींनाही ती पूर्ण चुकत नाही. लिमा मात्र समुद्राकाठचे शहर आहे.

दुसरे कारण डावपेचांचे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. विक्रमासाठी आखलेल्या शर्यतीत वेग राखून देणारे पेसमेकर असतात. अजिंक्यपदाच्या शर्यतीत ते नसतात. पदक क्रमांकाला मिळते, वेळेला नाही. जी पुढे धावते ती वारा अंगावर घेते, आणि तिच्या आडोशाने मागच्या मुली आपली ताकद राखून ठेवतात. त्यामुळे पुढे जायला कोणी राजी नसते. सगळा घोळका एकमेकींवर नजर ठेवून सावकाश फेऱ्या मोजतो आणि शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत एकदम सुटतो. अशा शर्यतीत घड्याळ संथ दिसते, पण तिचा शेवट फार कठीण असतो.

लिमात हा डाव मोडला गेला. तिथली विजेती मेदिना ईसा त्याच महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मोठ्यांबरोबर धावून आली होती. कालीतील सुवर्णपदकही तिचेच. तिने शेवटच्या फेरीची वाट पाहिली नाही. वेग वाढवून तिने इतरांना मागे टाकले आणि स्पर्धेचा विक्रम केला.

म्हणून निकाल वाचताना क्रमांक आधी पाहावा, वेळ नंतर. नैरोबीत भारताची अंकिता ध्यानी आठवी आली होती. उत्तराखंडची हीच मुलगी पुढे पॅरिस ऑलिम्पिकच्या ५,००० मीटरमध्ये उतरली. २००२ मध्ये किंग्स्टनला याच शर्यतीत मेसेरेट डेफार पहिली आली होती आणि तिरुनेश डिबाबा दुसरी. डेफार २००४ मध्ये अथेन्सला ऑलिम्पिक विजेती झाली. डिबाबा तर २००३ मध्येच पॅरिसला मोठ्यांची विश्वविजेती झाली होती. दोघींच्याही वाटचालीचा अंदाज किंग्स्टनच्या त्यांच्या क्रमांकांवरून बांधता आला असता.

तुमच्या मुलीला एवढेच सांगा : सरावात घड्याळ जरूर लावावे, पण शर्यतीच्या दिवशी लक्ष पुढच्या धावपटूच्या पाठीवर असावे. तिला कधी जास्त वेळ लागला, तर त्या दिवशी ऊन, वारा आणि मैदान कसे होते हे आधी विचारा. मगच तिच्या धावण्याबद्दल बोला.